नंदूच्या गाण्यातली शिट्टी

रविवार, संध्याकाळ. पनवेल.

मी असं का बोललो? माहीत आहे मला, का ते.

नंदू आमच्या जुन्या रॉक बँडचा गायक, मी ड्रमर. त्याने खांदा कॉलनीतल्या घरी, खिडक्यांना गाद्या लावून, एकट्याने अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. ड्रम्ससुद्धा कॉम्प्युटरवर. म्हणजे माझी गरजच नाही. दुपारी ऐकायला बोलावलं. शेवटच्या, अकरा मिनिटांच्या गाण्यात मधेच कुकरची शिट्टी येते. मी हेडफोन काढले आणि त्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, अख्ख्या अल्बममध्ये सुरात फक्त तुमचा कुकर आहे." ती खळखळून हसली. तो नाही.

"शिट्टीनंतर काय ऐकलंस?" त्याने विचारलं.

"काही नाही रे. वहिनी, वाढा आता."

खोटं. शिट्टी जिथे संपते, नेमक्या त्याच सुरावर त्याचा आवाज उठतो. तिथून गाणं जे चढत जातं, तसं आम्ही बँडमध्ये एकदाही वाजवलं नाही. ती शिट्टी त्याने मुद्दाम ठेवली होती. हे ओळखेल असा कान माझाच, म्हणून तर आधी मला ऐकवलं.

आत्ता त्याचा मेसेज आला. "ते गाणं काढून टाकलं. थँक्स यार, तू तरी खरं बोललास."

मी नुसता अंगठा पाठवला.