नानांची फुंक

२१ नोव्हेंबर २०१८, धरणगाव
तुळशीचं लग्न झालं, म्हणजे आमच्या घरचं वर्ष सुरू झालं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, क्लॅरनेट पेटीतून काढला, मऊ फडक्यानं चाव्या पुसल्या, नवी रीड, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, ओठात धरून भिजवत बसले. तेवढा वेळ घरात त्यांच्याशी कुणी बोलत नाही.
नाना ज्यांच्या बँडमध्ये वाजवतात त्या भिला मास्तरांनी बँडची नवी गाडी आणलीय. चारी बाजूंनी स्पीकर, मागे जनरेटर, मध्ये कीबोर्डवाल्याची खुर्ची. ट्रम्पेट चारचे दोन झाले. नाना म्हणाले, "गाडी मोठी शे, पन तिले फुफ्फुसं कोठे शेतस?" गण्या (माझा भाऊ, बारावीला दोनदा बसलेला) त्या खुर्चीकडे देवळात बघावं तसा बघत होता.
माझं बी.एड. सुरू. रोज जळगाव. माय भाजीवालीलाही सांगते, आमच्याकडची पहिली बी.ए. ही. मला लाज वाटते, आणि आवडतंही.

१२ मे २०१९
नानांचा गाल सुजलाय. हिरड्यांतून रक्त. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून रात्रीची वरात करून आले. "वाजाडतांना नही दुखत. थांबनू की दुखस."
या घरात दुखणं अंगावर काढायची पद्धत आहे. आजोबा तसेच गेले. मी शिकले त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

८ जुलै, जळगाव
दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले. कॉलेज सुटल्यावर, संध्याकाळी. शिक्षिका होईपर्यंत. डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत. "घरी कोण कोण? वडील काय करतात?"
"खाजगी नोकरी."
शाळेपासून हेच सांगते. पाचवीत एकदा खरं सांगितलं होतं, तर वर्षभर मुलं मागून पँ पँ करत होती. आणि लग्नात बँडवाल्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसते, हे मी लहानपणी नानांच्या मांडीवर बसून पाहिलंय.
स्टाफच्या आईवडिलांना इथे फी नाही. आजच विचारून ठेवलं.

२१ जुलै
नानांना आणलं. येताना इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. खुर्चीत असे बसले जसं काही फोटो काढायचाय.
मॅडम म्हणाल्या, वरचे सगळे हलताहेत, एकही ठेवण्यासारखा नाही, काढून कवळी बसवू. नाना तोंडात आरसा असतानाच काहीतरी बोलू लागले. "मॅडम, मी वाज..."
"काका, बोलू नका."
मीपण म्हणाले, "नाना, त्यांना काम करू द्या."
नाना गप्प बसले. मी सांगितलेलं ते ऐकतात.
परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. खूप समाधान वाटलं आज.

६ नोव्हेंबर, धरणगाव
कवळी आली. जखमा छान भरल्यात. नाना आरशासमोरून हलेनात. माय पदर तोंडाला लावून हसत होती. "दात नवा, थोबाड नवं. हवा तेवढी जुनी शे," नाना म्हणाले. कणीस मागितलं. सावकाश खाल्लं.

९ नोव्हेंबर
क्लॅरनेटच्या तोंडावर वरचे दात टेकवायचे असतात. सगळा भार त्यांच्यावर. नानांनी टेकवले, फुंक मारली आणि कवळी सुटून जिभेवर पडली. पुन्हा. पुन्हा. कवळी काढून पाहिलं, तर ओठाच्या दोन्ही बाजूंनी हवा जाते. नुसतं फुस्स.
संध्याकाळपर्यंत तेच. माय भाकरी टाकत होती, तव्यावरची करपली तरी तिला कळलं नाही.
शेवटी मला म्हणाले, "आते काय फुकसू मी?"
चिडून नाही. खरंच विचारल्यासारखं.

११ नोव्हेंबर, जळगाव
मॅडमना सांगितलं. त्या हातमोजे काढता काढता थांबल्या. "अगं, वाद्य वाजवतात हे आधी नाही का सांगायचं? दात जाणारच होते, पण एकदम काढले नसते. वेगळं काही बघितलं असतं. तू तर खाजगी नोकरी म्हणालीस."
कवळी चिकटवायची ट्यूब दिली. मी ती पर्समध्ये ठेवली. पुढच्या पेशंटला आवाज दिला.

२ डिसेंबर
ट्यूब लावून नाना सुपारीला गेले. दुसऱ्या गाण्यातच सुटली म्हणे. गण्यानं सांगितलं. तो आता मास्तरांच्या जुन्या कीबोर्डवर शिकतोय. नानांनी खोकला आल्यासारखं केलं आणि गाडीमागे गेले. ट्रम्पेटवाल्या संतोषभाऊंनी चाल उचलून धरली. दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले, चहा घेतला. "आराम कर, रामदास." एवढंच.
मी घरात खरं सांगितलं, की डॉक्टरांपासून मी बँड लपवला. नाना म्हणाले, "मंग काय सांगतीस, बँडवाला? नोकरी देतीन का त्या तुले?" आणि हसले. नव्या दातांनी.
त्यांनी रागवायला हवं होतं.

१९ एप्रिल २०२०
लॉकडाऊन. लग्नंच नाहीत. बँड सगळ्यांचेच बंद. संतोषभाऊ हातगाडीवर कांदे विकतात. दुसरा ट्रम्पेटवाला एरंडोलकडे वीटभट्टीवर. नानांना कापसाच्या एका जिनिंगवर वॉचमनचं काम मिळालं.
आज मनात आलं, बरं झालं. आता नाना एकटेच थांबलेले नाहीत. असा विचार माझ्या डोक्यात येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. खोडायला नको, राहू दे.

५ डिसेंबर २०२१
लग्नं परत जोरात. दोन वर्षांची तुंबलेली. पण वीटभट्टीवर गेलेला ट्रम्पेटवाला परत आला नाही. संतोषभाऊंनी तर ट्रम्पेट विकला. म्हणाले, कांद्याला ओठ लागत नाहीत.
मास्तरांकडे खुर्चीत आता गण्या. त्याच्या कीबोर्डात सनई आहे, ट्रम्पेट आहे, क्लॅरनेटसुद्धा. पण लोक म्हणतात, गाडीवर माणसं दिसत नाहीत, शोभा नाही. म्हणून मास्तर आले.
"रामदास, तू नुसता उभा राय. क्लॅरनेट हातमा धर, बोटं हालाव. आवाज गण्या काढी."
"आन् लोकं?"
"लोकं नाची राहिनात का दखी राहिनात?"
मी म्हटलं, "मास्तर, हे खोटं आहे."
"बाई, फोटोमा नवरदेव हसस. तो तरी कोठे खरा हसस?"
माय खळखळून हसली. नानाही. मीच एकटी राहिले.
त्यांनी जाऊ नये असं मी तासभर समजावलं. तुम्ही कलाकार आहात वगैरे. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "वॉचमनले टोपी देतस. इथं कोट तरी भेटी."

७ डिसेंबर
गेले.

२४ ऑगस्ट २०२२, धुळे
बी.एड. होऊन दोन वर्षं. पात्रता परीक्षा पास. भरती निघेल, निघेल. तोवर धुळ्यात एका क्लासमध्ये. मुलाखतीत विचारलं, "शिकवायची आवड आहे का?" मी दहा मिनिटं बोलले.
काम असं: मोठ्या पडद्यावर कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या सरांचा व्हिडिओ लावायचा. मुलं गप्प ठेवायची. हजेरी घ्यायची. आज एका मुलीनं शंका विचारली. मी फळ्याकडे गेले, खडू घेतला. मॅनेजर दारात. बाहेर बोलावून म्हणाला, "मॅडम, तुम्ही नका सांगू. सर पुढच्या भागात सांगतीलच."
रात्री नानांना फोनवर सांगितलं. तिकडून ठसका लागेपर्यंत हसू. "म्हंजे तूबी गाडीवरच शेस का वं!"
मला अजिबात हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर आलं.

१८ फेब्रुवारी २०२३, धुळे
क्लासवरून खोलीवर येताना साक्री रोडला वरात अडवून उभी. गाडी ओळखीची निघाली. मास्तरांना धुळ्याचीही कामं मिळतात हे माहीत होतं, पण आज आहेत हे गण्यानं कळवलं नव्हतं.
कटलरीच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. लाल कोट, सोनेरी झालर. नाना वर. गाल फुगवलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं होतं, बोटं उगाच हलवत असतील. नाही. एकूण एक बोट जागेवर. गण्या चाल बदलायचा तिथे त्यांची बोटं अर्धा क्षण आधीच पोचत होती. गण्या मान वर करून त्यांच्या बोटांकडे बघत वाजवत होता.
नवरदेवाच्या कुणा मामानं नोट काढून नानांवरून ओवाळली. नानांनी घेतली नाही. हनुवटीनं गण्याकडे खूण केली.
मी हाक मारली नाही. माझ्याबरोबर क्लासमधल्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "काय मस्त वाजवतात ना?" मी हो म्हटलं. माझे वडील आहेत, एवढं तरी म्हणायला जीभ उचलत होते, तोवर रस्ता मोकळा झाला.

२६ जून, धुळे
क्लास सोडला. पिंपळनेरजवळच्या एका शाळेत तासिकेवर मराठी. पगार कमी, मिळेल तेव्हा. पण फळा आहे, खडू आहे, मुलं आहेत. पहिल्या दिवशी बोलून बोलून घसा बसला. नानांना कळवलं तर म्हणाले, "चाल, एक जण तरी उतरनं गाडीवरून."

९ मे २०२४, पिंपळनेर
गण्याचा फोन. रडत होता. पंचवीस वर्षांचा घोडा.
काल एरंडोलला भर वरातीत जनरेटर बंद पडला. एका क्षणात सगळं शांत. नाचणारे थांबले. नाना डोळे मिटून होते. त्यांची बोटं चालूच राहिली. गाल फुगलेले. सगळी वरात त्यांच्याकडे बघतेय, आणि ते आपले गाणं संपवताहेत. "दोन ओळी अजून होत्या गं," गण्या म्हणाला. "मी हाक नाही मारली. संपू दिलं."
मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तसल्या टाळ्या.

१२ मे
त्या वरातीत कुणीतरी काढलेला नानांचा व्हिडिओ आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आला. खाली हसणारी तोंडं. मुख्याध्यापकांनी टाकलेला. त्यांना माहीत नाही.
नंतर मी लिहिलं, 'हे माझे वडील. चाळीस वर्षं क्लॅरनेट वाजवला. वरचे दात काढल्यापासून वाजवता येत नाही.' पाठवलं.
रात्री व्हिडिओ काढून टाकला होता.

१ जून, धरणगाव
नाना उरलेल्या तारखांना गेलेच नाहीत. जिनिंगवर दिवसपाळी. बोलतात, जेवतात, बातम्या बघतात. मी ग्रुपवर लिहिल्याचं सांगितलं. "दाताचं कसाले लिहाचं?" म्हणाले. थोड्या वेळानं, "चाळीस नही. बेचाळीस."

१८ ऑगस्ट
माय सांगते, दुपारच्या सुट्टीत नाना क्लॅरनेट घेऊन जिनिंगच्या मागे जातात. कवळी खिशात. हिरडीवर ओठ दुमडून फुंकतात. "शेया पयतस," माय म्हणाली. शेळ्या पळतात. तिला हसायचं होतं, पण जमलं नाही.
आज मी लांबून ऐकलं. एक सूर लागला. दुसरा लागला, थरथरला. तिसऱ्याला नुसती हवा. परत पहिला. अर्धा तास तेच. मी न भेटताच परत आले.

१६ नोव्हेंबर, धरणगाव
सुट्टी काढून आलेय. काल भिला मास्तर येऊन गेले. नवा कोट घेऊन. पहिल्यांदाच अवघडून बसले होते. गिऱ्हाइकं विचारतात म्हणे, तोच का तुमचा बोटं हलवणारा? दोन सुपाऱ्या गेल्या. आज संध्याकाळची एक आहे.
"रामदास, एक काम कर. सुरुवातले चार ओळी खऱ्या वाजाड. गाडी बंद ठेवसू. लोकंस्ले कळू दे. मंग हाई गण्या आन् हाई मशीन."
"सूर फुटना तर?"
मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "फुटना तर फुटना."
काल रात्रभर घरात कुणी नीट झोपलं नाही. गण्या म्हणतो, नको, परत व्हिडिओ काढतील. माय म्हणते, जाऊ द्या, नाहीतर हा माणूस शेळ्यांसमोरच म्हातारा व्हायचा.
आज दुपारी जेवण झाल्यावर नाना मला म्हणाले, "तू शिकेल शेस. तू सांग. जाऊ का?"
आजवर या घरात मी पटकन सांगत आले. दवाखाना, कवळी, कलाकार, खरं-खोटं. आजही दोन्ही बाजूंनी सांगता आलं असतं.
मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं, नाना?"
मग उठून आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज. नळ चालू, नळ बंद.
आता चार वाजताहेत. मी आतल्या खोलीत बसून लिहितेय, इथून ओटा दिसतो. नाना ओट्यावर बसलेत. लाल पँट घातलीय, कोट मांडीवर. कवळी काढलेली, गाल आत गेलेले, मिटलेल्या ओठांत रीड भिजतेय. गाडी कोपऱ्यावर उभी आहे. गण्यानं दुसऱ्यांदा हॉर्न दिला.