भोंग्याच्या शहरातली मुलगी

१२ ऑक्टोबर १९५८, रविवार

सही केली! मराठीत, पूर्ण नाव — चाँदपाशा इब्राहिम घडीसाज. माझ्या 'भोंग्याचं शहर'चा सिनेमा होणार. कोल्हापूरचे दिग्दर्शक वसंतराव पावणेदोन तास दुकानात बसले. म्हणाले, गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायचीय.

सांगितली. पुढच्या शतकातलं शहर. घड्याळ बाळगणं गुन्हा, वेळ फक्त भोंगा सांगणार. लीला, वय चौदा, भंगारातून चोरून घड्याळ जोडते. तिला कळतं — संध्याकाळचा भोंगा रोज दोन-दोन मिनिटं पुढं ढकलत नेलाय. लोक चौदा तास राबतात आणि दहाच समजतात. शहराचा मालक म्हणतो, गप्प राहा, माझी सून हो, सुखात राहशील. ती म्हणते, नाही. दुसऱ्या दिवशी दारोदार काठ्या रोवलेल्या — लोक स्वतः सावली मोजतायत. संपलं.

वसंतराव म्हणाले, "मास्तर, त्या 'नाही'त जान आहे."

ते 'नाही' कुणाचं, ते सांगितलं नाही. आमची अन्वरी बारा वर्षांची असताना डोळ्याला भिंग लावून दुकानात बसायची. एकदा विचारलं, "अब्बा, सगळ्यांचीच घड्याळं एकदम मागं केली तर कुणाला कळंल?" त्या प्रश्नाचं पुस्तक झालं.

१३ ऑक्टोबर

काल एक लिहायचं राहिलं. निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतली उर्दू गेली, तेव्हा मला मराठीचं एक अक्षर लिहिता येत नव्हतं. अन्वरी पहिलीत, मी छत्तिशीत — एकच पाटी. तिचं झालं की माझं. मास्तर कुणी ठेवला नाही. कुणाला विचारलंही नाही.

२ नोव्हेंबर

लीलाचं घड्याळ तयार. एकोणीस दिवस लागले. सगळे भाग टाकाऊ, दोन चाकांचे दाते कानशीनं घासून काढले. चोवीस तासांत अर्धं मिनिट मागं पडतं. चौदा वर्षांच्या मुलीनं जोडलेलं इतकं मागं पडणारच — मुद्दाम तसं ठेवलं. पानवाला अंबादास म्हणाला, "उस्ताद, सिनेमात काटा कोण बघतंय हो!" मी बघणार आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सात-दहाच्या एसटीनं नळदुर्गला शूटिंग बघायला गेलो. परत आलोय.

किल्ल्यात पुढचं शतक कुठंच नाही! राजा. मिशा. लाकडी तलवारी. भोंग्याच्या जागी नगारा. वसंतराव म्हणाले, "मास्तर, पुढचं शहर उभं करायचं म्हणजे बटणापासून सगळं नवं. राजाचे पोशाख कंपनीकडं पडून आहेत. गोष्ट तीच की!" राजाच्या काळात घड्याळ कुठलं? म्हणून पाण्यात बुडणारं घटिकापात्र. माझं घड्याळ फडक्यातून काढलंसुद्धा नाही. लीला विशीची. तिला तीन गाणी.

हेही गिळलं असतं. चहाच्या वेळी वसंतरावांनी सगळ्यांसमोर शेवट वाचून दाखवला. राजा चांगला निघतो, खोटा नगारा दुष्ट प्रधानाचा. राजा लीलाला तीनदा विचारतो — माझी राणी होशील? तिसऱ्यांदा ती मान खाली घालून 'हो' म्हणते. मग वरात.

"मास्तर, हरकत नाही ना?"

चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. मला राग आला की तोंडात उर्दू येते. त्या कोल्हापूरकरांसमोर अर्धं हे, अर्धं ते, असं बोलायचं नव्हतं. मनात वाक्य जुळवत राहिलो. क्रियापद बसेपर्यंत वसंतराव उठले, "चला, दिवे लावा."

वाक्य एसटीत पूर्ण झालं. काय उपयोग!

२४ नोव्हेंबर

घड्याळ अन्वरीला दिलं. तिनं अभ्यासाच्या फळीवर ठेवलं. "अर्धं मिनिट मागं आहे, अब्बा. नीट करू?" नको म्हणालो.

९ जानेवारी १९५९

वसंतरावांना अकरा पानी पत्र लिहिलं होतं. उत्तर सहा ओळींचं. "शेवटाबाबत आपणांस सर्वांसमक्ष विचारले होते. आपण काही बोलला नाहीत. ती संमती धरून पुढील काम केले."

संमती! माणूस गप्प बसला म्हणजे हो म्हणाला? त्याच्या घशात काय अडकलंय, ते बघायचं नाही? थोडं थांबून परत विचारायचं नाही? ज्याला होकारच हवा असतो तो गप्प बसलेल्याकडून तो काढून घेतो. चोरी आहे ही. लीलाचं 'नाही' त्यांनी माझ्या तोंडातून चोरलं.

१० जानेवारी

दुकान उघडलं नाही.

२ मार्च

पुस्तकाकडं बघवत नाही. कुणी मागितलं तर संपलं म्हणून सांगतो. शाळेतली दोन मुलं आली होती, त्यांनाही तेच सांगितलं. कपाटात एकशे बारा प्रती आहेत.

१४ नोव्हेंबर

गुलबर्ग्याचं स्थळ. मुलगा मुनवर, रेल्वेत कारकून, नमाजी, विडीसुद्धा नाही. त्यांना रमजानच्या आधी उरकायचंय. अन्वरीची मॅट्रिक मार्चात. मी म्हणालो, दोन महिने थांबतील का, विचारू. अन्वरीची आई शरिफाबी कडाडली, "अजी, इम्तहान दर साली येतो! असलं घर येतंय का? अन् मॅट्रिक होऊन ती काय कलेक्टर व्हायचीय?"

मुलाच्या वडिलांना जबान दिली. उंच, सभ्य माणूस. माझ्या मराठीचं कौतुक केलं.

अन्वरी चहा ठेवून आत गेली. काही बोलली नाही. समजूतदार पोरगी.

६ डिसेंबर

आज आठ दिवसांनी अन्वरी दुकानात आली. एक बंद पडलेलं टेबलघड्याळ उघडलं, साफ केलं, लावून ठेवलं. "पेपर पंधरा दिवसांत संपतात, अब्बा," म्हणाली. मी गिऱ्हाईकाशी बोलत होतो. मान हलवली.

१० फेब्रुवारी १९६०, बुधवार

सिनेमा गावात आला. जाणार नव्हतो. अन्वरी म्हणाली, "शुक्रवारपासून मी हळदीला बसणार. मग कुठं बघणार? तुमचं नाव तरी बघू द्या." तीनच्या खेळाला गेलो — मी, ती, शरिफाबी.

माझं नाव पडद्यावर चार सेकंद. मोजले. पुढचे दोन तास तेरा मिनिटं माझं काहीच नव्हतं. वरातीत हत्ती नाचला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागं एक म्हातारा म्हणाला, "चांगलं झालं बाबा, पोरगी उजवली." लीला मेली असती तर इतकं लागलं नसतं.

परतताना रस्त्यात बोलत सुटलो — निम्मं उर्दूत, पर्वा केली नाही. "तिच्या तोंडात 'हो' कोंबलं! ती असं म्हणूच शकत नाही! लीला आहे ती!"

अन्वरी मागून चालत होती. म्हणाली, "पण अब्बा, त्यांनी तिला विचारलं तरी. तीनदा विचारलं."

"चूप," शरिफाबी म्हणाली.



११ फेब्रुवारी

अन्वरीनं बीजगणिताची वही रद्दीत टाकली होती. काढून दुकानात नेली. सगळी गणितं बरोबर.

१४ फेब्रुवारी

तिला विचारावं. जाऊन समोर बसावं आणि सरळ विचारावं. पण जबान दिलीय. पत्रिका गेल्यात. ती हळदीला बसलीय, भोवती बायका. काय म्हणून विचारायचं? वाक्य जुळवतोय.

१९ फेब्रुवारी

जुळत नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

निकाह. मुलीच्या वतीनं वकील म्हणून माझा चुलतभाऊ गफार. दोन साक्षीदार घेऊन पडद्याशी गेला. मुलीला तीनदा विचारायचं, तिनं कबूल म्हटलं की बाहेर येऊन काझीसाहेबांना सांगायचं. पहिल्यांदा विचारलं — आवाज नाही. दुसऱ्यांदा — नाही. तिसऱ्यांदा मी खिशातलं घड्याळ काढलं. एक मिनिट चाळीस सेकंद.

गफार परत आला. माझ्या कानाशी वाकला. "भाईजान, पोरगी हां बी म्हणत न्हाय अन् ना बी म्हणत न्हाय. काझीसाहेबांना काय सांगू?"

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता.

"गप्प आहे म्हणजे कबूल आहे," मी म्हणालो. "लिहा."