न पाहिलेली त्रेचाळीस झाडं

बुधवार, २ एप्रिल

माफ कर. अकरा महिने तुला हात लावला नाही. खरं लिहावं लागतं म्हणून टाळत होते, असं म्हणायला बरं वाटेल – पण ते तितकंसं खरं नाही. निव्वळ कंटाळा. आज मात्र दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून आले.

सकाळी तोलोमुश बायके दार बडवत आले. खालच्या मजल्यावर राहतात, सगळ्या इमारतीचे बायके, म्हणजे थोरले भाऊ. तीस वर्षं बिश्केकच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवली, अजून जिन्यात कुणी वाट अडवली की "पुढे सरका, पुढे!" असं ओरडतात. म्हणाले, "बुरुल, चपला घाल आणि मागे चल. काय ठोकलंय ते बघ."

मागे म्हणजे इमारतींमधलं मोकळं मैदान. करागाचची झाडं, व्हॉलीबॉलची फाटकी जाळी, म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा बाक. पहिल्याच झाडावर पत्र्याची पाटी. भूखंड क्रमांक ११४७. बारा मजली इमारत, खाली दुकानं.

११४७. हा आकडा मी कुठे वाचलाय?

ऑफिसात, झाडांच्या खात्यात, जाऊन आधी कपाट उघडलं. फाइल सापडली. "करागाच, एकूण त्रेचाळीस. सर्व सुकलेले. तोडण्यास योग्य. समितीने प्रत्यक्ष पाहणी केली." खाली तीन सह्या. मधली माझी. तारीख चौदा फेब्रुवारी.

मी पाहणी केली नव्हती. बाहेर उणे सोळा होतं, साचलेल्या बावीस फाइली होत्या, साहेब म्हणाले होते, "बुरुल कादिरोव्ना, बाकीच्यांनी बघितलंय." बाकीच्या दोघांनाही तेच सांगितलं असणार. कागदावर वस्तीचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक. बेरीज मात्र चुकली होती – चव्वेचाळीस लिहिलं होतं. ती मी तपासली, दुरुस्त केली आणि स्वतःवर खूश झाले!

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती झाडं दिसतात. साठ पावलांवर आहेत.


शनिवार, ५ एप्रिल

मैदानात सभा. साठेक माणसं. मागणी अशी ठरली की पाटी काढा आणि जागा कायमची उद्यान म्हणून नोंदवा, म्हणजे पुन्हा कुणाचा डोळा जायला नको.

अर्ज कोण लिहिणार? तोलोमुश बायकेंनी माझा दंडच धरून वर केला. "ही! शिकलेली आहे, झाडांच्या खात्यात आहे, आणि एक स्वल्पविराम चुकला तर हिला झोप येत नाही." सगळे हसले. मीही हसले.

मग मीरिम उभी राहिली. समोरच्या इमारतीतली, कडेवर मूल, प्रसूतिगृहात नर्स आहे. तिने कुठूनशी त्या कागदाची नक्कल मिळवली होती. शिक्क्याच्या शाईखाली नावं वाचता येत नव्हती. "झाडं सुकलेली म्हणे! तिघांनी सह्या केल्यात. हात झडोत मेल्यांचे."

वाल्या मावशी – खरं तर आम्ही सगळे तिला रशियन पद्धतीने तोत्या वाल्या म्हणतो, सत्याहत्तर वर्षांची आहे, शाळकरी असताना ह्यातली काही झाडं तिने लावलीत – ती नुसती म्हणाली, "तिघांतल्या एकाने तरी येऊन बघायचं. मी चहा दिला असता."

सभेचा वृत्तांत मी लिहीत होते. मीरिमचं वाक्य लिहिलं. वाल्याचंही लिहिलं. शब्दन् शब्द, नीट.


रविवार, ६ एप्रिल

सांगितलं नाही.


शनिवार, १२ एप्रिल

आज अशार झाला. काल संध्याकाळी तोलोमुश बायके रिवाजाप्रमाणे प्रत्येक दारावर गेले. मोबाइलवर निरोप चालत नाही – अशारला दारात येऊनच बोलवायचं, आणि बोलावलं की घरटी एक माणूस गेलंच पाहिजे, पैसा कुणी घ्यायचा नाही. आमच्या घरून मी आणि ताश्तान दोघंही गेलो. (ताश्तान म्हणाला, "तू दोन माणसांचं काम करशील असं दिसतंय. चेहराच तसा झालाय तुझा." नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही. त्याला दिसतंच सगळं.)

काम म्हणजे मैदानाचा अरिक – झाडांना पाणी देणारा पाट – मोकळा करायचा. दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कुणी गॅरेजं बांधली आणि राडारोडा सगळा त्यात लोटला. तेव्हापासून पाणी नाही. झाडांचे शेंडे बोडके झाले ते त्यामुळे. हे मला रोज खिडकीतून दिसत होतं. कधी चौकशी केली नाही.

"ऑफिसवाल्या बाईंनी फावडं धरलंय की पेन?" तोलोमुश बायके.

"पेनच बरं होतं," मी म्हणाले. कुणाला काही कळलं नाही.

दुपारी बायकांनी बोरसोक तळून आणले, समोवार बाहेर काढला. साडेतीनला वरून पाणी आलं. आधी फेस, काटक्या, एक बाहुलीचा पाय – मग गढूळ पाणी, मग डोंगरातलं थंडगार. पोरं पाटाच्या कडेने पाण्याबरोबर धावत गेली. तोत्या वाल्याने बूट काढून पाय आत सोडले आणि किंचाळली! मला इतका आनंद झाला की रडू आलं. मीरिमने पाठीवर हात फिरवला. "एजे, तुम्ही किती मनाने करता सगळं." एजे, म्हणजे थोरली बहीण.

तिचा हात झटकावा असं वाटलं. झटकला नाही. आवडला मला तो हात – हेच जास्त वाईट आहे.


रविवार, २० एप्रिल

पालवी फुटली. शेंड्यांना नाही, खालच्या फांद्यांना. पण फुटली.

तोलोमुश बायके खडूने बुंध्यांवर आकडे घालत फिरत होते. "सदतीस जिवंत! सहा म्हातारे अजून विचार करतायत. कागदावर सगळ्यांना मूठमाती दिली होती, आणि हे बघा, उठून बसले!" लोक हसत होते, फोटो काढत होते.

मी घरात आले, पडदा ओढला. रोज एकेक पान बाहेर येतंय आणि मी खोटं लिहिलं असं सांगतंय.


सोमवार, २१ एप्रिल

जेवताना ताश्तानला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

मग म्हणाला, "सही मागे घेता येते?"

येते. मी नियम पाहिलाय, पाच तारखेलाच पाहिला होता. समितीतल्या एकाने जरी लेखी दिलं की पाहणी झाली नव्हती, तर प्रमाणपत्र थांबतं आणि तोड करता येत नाही.

"मग सोळा दिवस काय करत होतीस?"

अर्ज करत होते. सभेचे वृत्तांत लिहीत होते. पाट खणत होते. ह्या एका कागदाऐवजी बाकी सगळं करत होते.

उद्या लिहिते.


मंगळवार, २२ एप्रिल

पहिला मसुदा. "पाहणी अपुऱ्या स्वरूपाची होती." ताश्तानने वाचलं. "झालीच नव्हती ना? मग अपुरी कशी?"

खोडलं.


बुधवार, २३ एप्रिल

दुसरा, तिसरा, चौथा मसुदा. "अनवधानाने" लिहिलं – ते खोटं आहे, मला माहीत होतं मी काय करतेय. "वरिष्ठांच्या सांगण्यावरून" लिहिलं – ते खरं आहे, पण लिहिताना हायसं वाटलं, म्हणून काढलं. "निष्काळजीपणे" – ह्यात स्वतःला मारून घेण्याची हौस वाटते. कुणाला दाखवण्यासाठी?

ताश्तान: "चार ओळी आहेत, बुरुल. चार ओळी! दे जाऊन."

त्याला वाटतं मी घाबरलेय. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल, त्याची भीती आहेच. पण मला वाटतं, एकदा तरी मी कागदावर पूर्ण खरं लिहावं.


गुरुवार, २४ एप्रिल

झालं. "मी जागेवर गेले नाही. एकही झाड पाहिलं नाही. पाहणी केली असं लिहून सही केली. ते खोटं आहे."

दुपारी तीनला महापालिकेत द्यायला निघाले. बसमध्ये पुन्हा वाचलं. तारीख जुन्या मसुद्यातली राहिली होती, २२. वर काट मारून दुरुस्त करता आलं असतं. मी उतरले, ऑफिसात परत गेले, नवीन प्रत काढली. आवक खिडकी चारला बंद होते. मी चार वाजून दहा मिनिटांनी पोचले.

हरकत नाही. उद्या सकाळी पहिली.


शुक्रवार, २५ एप्रिल

सहाला करवती.

ताश्तान चपला न घालताच धावला. मी खाली पोचले तोवर पाच झाडं आडवी होती. लोक इमारतींतून येतच होते, कुणी झोपेच्या कपड्यांत. ते झाडांच्या आणि करवतींच्या मध्ये जाऊन उभे राहीपर्यंत अकरा गेली. अकराच्या अकरा पालवलेली. वाल्याने लावलेली दोन त्यात आहेत.

मुकादम तरुण होता, कावलेला. "मला काय ओरडता? कागद आहे माझ्याकडे!" त्याच्याकडे मूळ प्रत होती. तोलोमुश बायकेंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचायला लागले – "बुरुल का–" आणि थांबले.

मीरिमने मुलाला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

मी पिशवीतून माझं पत्र काढलं. तोत्या वाल्याने ते माझ्या हातातून घेतलं. तिने वाचलं. तारीख पाहिली.

"काल लिहिलंस?"

हो म्हणाले.

"मग काल का नाही दिलंस, लेकी?"

मी सांगू लागले. तारखेचं, नव्या प्रतीचं, खिडकीचं. मध्येच माझं मलाच ऐकू आलं आणि मी गप्प बसले.

तोलोमुश बायकेंनी पत्र मुकादमाच्या नाकाला लावलं. "हे घे. सही करणारीच म्हणतेय की खोटं आहे. आता एक फांदी तोड, मग बघ." तो साहेबाला फोन करत बाजूला गेला. थोड्या वेळाने करवती गाडीत चढल्या. बत्तीस वाचली. पत्राने वाचवली म्हणजे – चार ओळी पुरल्या. मंगळवारी पुरल्या असत्या.

नऊ वाजता ते आवक खिडकीवर दिलं. शिक्का मारायला बाईला दहा सेकंद लागले.


सोमवार, २८ एप्रिल

प्रमाणपत्र स्थगित. मी निलंबित. साहेब म्हणाले, "तुम्ही तर इतक्या काटेकोर, बुरुल कादिरोव्ना!" ते टोमणा मारत नव्हते. खरंच चकित झाले होते.


शुक्रवार, २ मे

उद्या पुन्हा अशार आहे. तोडलेली खोडं हलवायची, पाट पुढे न्यायचा. संध्याकाळी जिन्यात तोलोमुश बायकेंची पावलं वाजली. दुसऱ्या मजल्यावर दोन दारं ठोठावली. तिसऱ्यावर समोरचं दार ठोठावलं. शेजाऱ्याशी बोलले, हसले. मग पावलं आमच्या दारासमोर आली.

आणि वर गेली.

ताश्तान टेबलाशी बसून होता. बोलावणं घराला असतं, माणसाला नाही – त्यामुळे त्यालाही नाही. मी म्हणाले, "तू जा." तो म्हणाला, "न बोलावता?" आणि चहात साखर ढवळत राहिला. त्याने साखर घातलीच नव्हती.


शनिवार, ३ मे

दिवसभर फावड्यांचा आवाज. खिडकीशी उभी राहिले नाही. उभी राहिले.


बुधवार, ७ मे

दुपारी दार वाजलं. तोत्या वाल्या आणि मीरिम. आत या म्हटलं, आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या.

सोमवारी नवी समिती येणार आहे. ह्या वेळी रहिवासी सोबत फिरू शकतात.

मी घाईघाईने म्हणाले, "मी काही लिहून देऊ का? आता माझ्या सहीला किंमत नाही, पण–"

"तुझी सही कोण मागतंय!" मीरिम. एजे म्हणाली नाही.

वाल्या म्हणाली, "बत्तीस झाडं आहेत. आम्ही बत्तीस घरांनी ती वाटून घेतलीत, प्रत्येक घराला एक. पण जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हे बघायचं कसं, ते आम्हाला येत नाही. साल खरवडतात ना, काहीतरी? ते शिकव. एकदा आम्हाला आलं की पुन्हा कुणावर विसंबायला नको. तुझ्यावरही नको."

एवढं बोलून त्या जिना उतरल्या. मीरिमने मागे वळून पाहिलं नाही.

उद्या: सकाळी सातला, पहिल्या झाडापाशी, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं.