तुझ्या लाल लिलीचे कंद

आई, अजून डोळ्यांपुढे आहे: आर्णीच्या घरामागे तू कोथिंबिरीच्या वाफ्याशी बसली आहेस आणि मी वहीनं फुलांवर तरंगणाऱ्या पट्टेरी माश्या हाणते आहे. "काहून मारून राह्यली व? त्यायचे पिल्लं झाडावरचा मावा खातेत. तुह्या कॉन्व्हेंटात हे नाही शिकवत वाटते?" म्हणून तू हसलीस. तेव्हापासून जागच्या जागी तरंगणारी माशी मी कधी मारली नाही.

म्हणूनच गेल्या वर्षी तुझ्या लाल लिलीच्या कुंड्यांभोवती तशाच, पण काळसर माश्या घिरट्या घालू लागल्या, तेव्हा मी खूशच झाले. मग पानं पिवळी पडली. कंद दाबला तर बोटाखाली पिचला. आत कुजका चिखल आणि अळ्या. गावातली कृषी सहायक मुलगी बघून म्हणाली, "काकू, ह्या काळ्या अन् त्या पट्टेवाल्या बहिणी-बहिणीच हायत, पण एक राखणदार अन् दुसरी घरफोडी." फवारू का, विचारलं. "कंदातल्या अळीले फवारा पोचत नाही, राखणदार मात्र मरते. नरम कंद जाळा, माती उन्हात तापवा, घट्ट कंद सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तासभर ठेवा. पुन्हा लावले की वरून बारीक जाळी."

सगळं केलं, आई. तू वस्तीतली तान्ही बाळं न्हाऊ घालायचीस त्याच पितळी घंगाळात पाणी काढलं. "बोटं लबाड असतेत, कोपर खरं बोलते," हे तुझं आठवून कोपर बुडवलं, आणि एकेक कंद अलगद सोडला. पण मी उशीर केला होता. तू गेल्यावर दर उन्हाळ्यात त्या लाल फुलांतून तू घरी यायचीस. यंदा एकही दांडा आला नाही. आता अंगणात जावंसंही वाटत नाही. दोनदा मेल्यासारखी गेलीस तू.

लेक मला नागपूरला न्यायला येणार आहे. हे पत्र कुठं धाडणार? मी गेल्यावर घर आवरणाऱ्यांसाठी तेवढं लिहिते. घंगाळ लेकीला द्यावं. जाळी त्या कृषी सहायक मुलीला. कुंड्यांतली माती कुणी कितीही मागितली तरी देऊ नये. खिडकीत एकच कंद उरलाय. घट्ट असेल तर शेजारच्या वहिनींना, नरम असेल तर चुलीत.

मी तो दाबून पाहिलेला नाही.