दोहोरीत घेतलेलं नाव

अल् खुवैर, मस्कत
शुक्रवार

सौ. कलावतीवन्संना वहिनीचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? लेकीच्या लग्नाची धावपळ असली तरी जिने चढू नका. तुमचा भाचा जितेश बरा आहे, मीही बरी आहे. (हे गेल्यापासून कुणीही विचारलं की मी एवढंच सांगते. सोपं पडतं.)

कळवायचं म्हणजे मी गाणं शिकते. हसू नका. वरच्या मजल्यावर टेकबहादूर नावाचे नेपाळी गृहस्थ राहतात. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतात आणि शुक्रवारी सारंगी नि मादल शिकवतात. (मादल म्हणजे मांडीवर आडवा घेऊन वाजवायचा त्यांचा ढोल.) ढमढम सहन होईना म्हणून तक्रार करायला गेले. त्यांनी "दिदी, बैठिए" म्हणून चहा दिला, आणि उठले तेव्हा मी त्यांची शिष्या झाले होते. रेकॉर्डिंगही तिथंच चालतं. भिंतींना गाद्या टांगल्यात, आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून एसी बंद. मस्कतचा जून महिना आणि सात माणसं घाम पुसत बर्फाच्या डोंगरांची गाणी म्हणतात. मग गुरुजी कॉम्प्युटरवर त्याला आणखी कसले कसले ठेके जोडतात, ते मात्र छान लागतात.

मागच्या शुक्रवारी त्यांनी मला दोहोरीला बसवलं. त्यात पुरुषानं गाण्यातून छेडायचं आणि बाईनं तिथल्या तिथं गाऊन उत्तर द्यायचं. जो अडला तो हरला. पूर्वी बाई हरली तर तिला जिंकणाऱ्याशी लग्न करावं लागे म्हणे. (हे मला मागाहून सांगितलं.) समोर बेकरीत काम करणारे एक मिशाळ गृहस्थ होते, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. त्यांनी गाव विचारलं, मी रत्नागिरी गायले. जेवायला काय विचारलं, मी कुळथाची पिठी गायले. सगळं मराठीत. कुणाला कळत नव्हतं म्हणून धीर होता. मग त्यांनी काहीतरी गायलं आणि गुरुजींनी हळूच हिंदीत सांगितलं, "घर में राह कौन देखता है?"

मी अडले. मादल चालूच होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मग तोंडातून जे आलं ते उत्तर नव्हतंच:

डब्यात साखर, चहात आलं,
भिकाजीरावांचं नाव घ्यायचं राहून गेलं.

तीन वर्षांत हे नाव मी बँकेत लिहिलं, दाखल्यांवर लिहिलं, तोंडानं घेतलं नाही. घेणार कुठं? आपल्यात नवऱ्याचं नाव घ्यायला नवरा जिवंत लागतो. गुरुजींनी वाजवणं थांबवून अर्थ विचारला. मी सांगितला. मिशाळ गृहस्थ म्हणाले, "खलास, दिदी. मैं हार गया."

माझा आवाज फाटलाय ती जागा रेकॉर्डिंगमधून काढू का, असं गुरुजींनी विचारलं. राहू दे म्हटलं.

बाकी ठीक. पूर्वाला आशीर्वाद.

तुमची
विशाखावहिनी

ता. क. लग्नाला येते आहे. आतल्या खोलीत माझी बसायची सोय केलीत, दगदग नको म्हणून, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मला कळलं, वन्सं. फोनवर मला बोलता आलं नाही म्हणून हे पत्र. पंगतीत बायका नावं घेतील तेव्हा मला बाहेर बसवा आणि सगळ्यांदेखत एकदा म्हणा, "वहिनी, नाव घ्या."

पुन्हा ता. क. नाही म्हणालात तरी मी घेणार आहे. पण ते तुमचे भाऊही होते, म्हणून आधी विचारलं.