पाण्याची घंटा आणि उद्घाटनाची तारीख

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, देवकट्टा, जि. लातूर

विषय : शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाचे कुलूप काढणेबाबत, ते न जमल्यास कु. अंजू हिला पाणी पिण्यातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज व त्यास उत्तर म्हणून आलेले ‘पाणी प्या, निरोगी राहा’ हे भित्तिपत्रक.

महोदय,

अर्जदार सिद्धराम वैजनाथ बिराजदार, धंदा शिवणकाम, रा. हरळगाव, सविनय सादर करतो की, त्याची मुलगी अंजू गावच्या शाळेत आठवीत आहे.

१. उन्हाळ्यात मुलांनी भरपूर पाणी प्यावे, म्हणजे चक्कर येत नाही, लघवीचे विकार होत नाहीत, हे आपले म्हणणे अर्जदारास शंभर टक्के मान्य आहे. त्यासाठी आपल्या परिपत्रकाप्रमाणे शाळेत पाण्याची घंटा होते. मुले-मुली रांगेत बाटली तोंडाला लावतात, गुरुजी फोटो काढून ग्रुपवर टाकतात. फोटो खरा आहे. पाणी मात्र मुलींच्या घशाखाली उतरत नाही. त्या नुसते ओठ ओले करतात आणि शाळा सुटल्यावर बाटली कडुनिंबाच्या बुडात ओततात. कडुनिंब असा माजला आहे की शाळेला हरित शाळेचे बक्षीस मिळाले.

२. कारण असे की, जुने संडास पाडून नवे बांधले. फरशी आहे, नळ आहे, नळाला पाणीसुद्धा आहे, आणि दाराला लाल फीत व कुलूप आहे. उद्घाटन ज्यांच्या हस्ते व्हायचे त्यांची तारीख मिळत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, “बिराजदार, फीत कापायच्या आधी कुलूप काढलं तर माझ्यावर शेकंल.” तुरी उभ्या होत्या तोवर मुलींना आडोसा होता. आता तुरी काढल्या, सगळे रान उघडे पडले.

३. महिन्यापूर्वी अंजूला ताप आला, जळजळ सुरू झाली. निलंग्याचे डॉक्टर म्हणाले, पोरीला पाणी पाजा, नाहीतर किडनीवर जाईल. अर्जदार घरी येऊन पोरीवरच खेकसला. त्याला कुलपाचे काही ठाऊक नव्हते. पोर बापाला असले कसे सांगणार? त्याने बसवण्णाची आण घातली की शाळेत बाटली रिकामी करायची. लेकराने आण पाळली. पाचव्या तासाला बाकावरच तिचे कपडे ओले झाले. पोरे हसली. तो गणवेश अर्जदारानेच शिवलेला होता. हे अर्जात लिहू नका, असे त्याची पत्नी रत्नम्मा म्हणाली. पण साहेब, हे नाही लिहायचे तर काय लिहायचे? घरी येऊन पोर एवढेच म्हणाली, “अप्पा, आण मागं घ्या. पाणी सोडते, पण शाळा सोडाय लावू नका.” अर्जदाराने आण मागे घेतली.

४. तरी विनंती की, उद्घाटन कोणाच्याही हस्ते उरकावे. आपल्या, शिपायाच्या, अगदी त्या कडुनिंबाच्या हस्ते केले तरी अर्जदाराची हरकत नाही. हार, नारळ, खुर्च्या तो आणतो. कात्रीला धार लावून ठेवली आहे. मोठ्या साहेबांना पुढे कधी सवड झालीच तर नवी फीत बांधून देतो, पुन्हा कापावी. उद्घाटनाच्या पाटीवरचे त्यांचे नाव कोणी खोडणार नाही. हेही नियमात बसत नसेल तर अंजूला घंटेच्या वेळी रांगेत उभे करू नये. खोटा घोट घेताना तिला रडू येते.

५. मंगळवारपासून वार्षिक परीक्षा आहे. अंगात तापाची कसर असूनही ती पेपर देणार म्हणते. दोन्ही बाजूंनी अडकलेल्या बापाने काय करावे, हे परिपत्रकात नाही. आज सकाळी तिने तहान लागली म्हणून माठात तांब्या बुडवला, आणि अर्जदाराने, तिच्या सख्ख्या बापाने, स्वतःच्या तोंडाने सांगितले, “अंजू, पिऊ नको, शाळंला जायचंय.” तिने तांब्या तसाच ठेवला.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सिद्धराम वैजनाथ बिराजदार
हरळगाव, दि. ३ एप्रिल २०२५