पांढऱ्या पेशी आणि तपकिरी कोट

प्रिय भावोजी,

नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे आणि जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतो, ते आधी कळवा; माझं रडगाणं मागाहून वाचलंत तरी चालेल. ह्यांचा तपकिरी कोट तुम्हाला खांद्यात बसला का? (बाह्या लांब होत असतील. ह्यांचे हातच लांब. उंच फळीवर काही लपवायला बरे.)

लिहायचं कारण म्हणजे माझ्या पांढऱ्या पेशी. आम्ही नकाशे काढणारी माणसं दिवसभर वाकून बसतो, त्याची साहेबांना दया आली आणि कचेरीत सगळ्यांची रक्ततपासणी झाली. माझी साखर, चरबी ठीक, फक्त पांढऱ्या पेशी जास्त. मला वाटलं, शरीराचे शिपाईच ते, चार जास्त असले तर बरंच की. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शत्रू दिसत नसताना शिपाई गोळा होत असतील तर आत कुठेतरी काहीतरी धुमसतंय. असं बरेच दिवस चाललं की रक्तवाहिन्यांनाही ते सोसत नाही, आणि ज्यांच्या पेशी कायम चढ्या असतात त्यांच्यात हृदयविकार जरा जास्त आढळतो. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, पण कारण शोधायला हवं. हृदय म्हटल्यावर मी पुढचं नीट ऐकलंच नाही. का ते तुम्हाला सांगायला नको.

मग शोध सुरू झाला. घसा पाहिला, कान पाहिले, पायाची नखंसुद्धा पाहिली. "सिगारेट वगैरे?" असं त्यांनी हसतच विचारलं आणि मीही हसतच "छे" म्हटलं. शेवटी संशय दाढेवर आला. दंतवैद्यांनी ती हलवून पाहिली, ती जरा हलली, एवढा पुरावा त्यांना पुरला. दाढ गेली. पेशी होत्या तिथेच.

तेवढ्यात लेकीला बाल्कनीत कुंडीमागे थोटकं सापडली. तिने नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला धरलं. "काका, आमच्या घरात सिगारेट ओढता? बाबा कशाने गेले माहीत आहे ना?" तो म्हणाला, "अहो ताई, मी चहासुद्धा सोडलाय!" आणि पाना तिथेच टाकून निघाला. नळ अर्धा उघडा, स्वयंपाकघरात तळं. आता मला बोलावंच लागलं. (दाढेच्या वेळी मी गप्प बसले होते.)

तर ती थोटकं माझी. सिगारेटवरून मी ह्यांच्याशी किती भांडले ते तुम्ही पाहिलंय. खिसे तपासायचे, पाकिटं नळाखाली धरायची. हे गेल्यावर एकदा सुई बदलायला म्हणून शिवणयंत्राचा खण उघडला, तर आत पाकीट. माझ्याच खणात! मी तिथे कधी शोधणार नाही, हे ह्यांना बरोबर ठाऊक होतं. संध्याकाळी त्यातली एक पेटवून नुसती बशीत ठेवली. तो वास ह्यांच्या आधी जिन्यातून वर यायचा, आणि मी भांडायच्या तयारीने दार उघडायची. पण बाल्कनीत वारा फार, सिगारेट विझायची. विझू नये म्हणून एक झुरका, मग दोन. दुसरं पाकीट घड्याळामागे निघालं, तिसरं पावसाळी बुटात. लेकीला कळू नये म्हणून मी बिनआवाजाचं खोकायलाही शिकले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. धूर हे कारण पुरेसं आहे, म्हणाल्या. बंद करा, मग पुन्हा रक्त बघू. लेकीने उरलेली पाकिटं नळाखाली धरली, अगदी माझ्यासारखीच. आता घरात फिनेलचा वास येतो. चांगला स्वच्छ वास आहे.

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. इकडे थंडी वाढली आहे. तो कोट परत पाठवता का? तुम्हाला मी नवा शिवून देईन, बाह्याही बेताच्या ठेवीन.

आणखी ता. क. थंडी तशी काही नाही. कोट धुतला नसेल तर पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. आणि धुतला असेल तर मला कळवू नका. पिशवी तेवढीच घट्ट बांधा.